खेळाडूचा स्वभाव, मानसिक कौशल्ये आणि व्यावसायिक खेळातले यश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, पालक आणि तालमीत-मैदानावर रोज उभे राहणारे प्रशिक्षक यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणे मुख्यतः नेमबाजी, क्रिकेट आणि कबड्डीतली आहेत, कारण डोक्यात काय चालले आहे याचा परिणाम या तीन खेळांत अगदी उघडा दिसतो.

मुलगी अबोल आहे, मैदानावर तिचा आवाज ऐकू येत नाही. मोठ्या स्तरावर टिकेल का?

टिकेल. बोलका स्वभाव आणि यश यांचे नाते फार सैल आहे. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अ‍ॅडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, तेव्हा कर्णधार विराट कोहली होता. पुढच्याच मेलबर्न कसोटीत अजिंक्य रहाणेने नेतृत्व केले, ११२ धावा काढल्या, भारताने आठ गडी राखून सामना जिंकला आणि पुढे मालिकाही २-१ अशी घेतली. एक जण प्रत्येक बळीनंतर पेटून उठणारा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्या ३६ धावा कोहलीच्या स्वभावामुळे झाल्या नाहीत आणि मेलबर्नचा विजय नुसत्या शांतपणाने मिळाला नाही. दोन्ही स्वभावांची माणसे त्या उंचीवर पोहोचतात.

मात्र काही जागांवर बोलणे हा कामाचाच भाग असतो: यष्टिरक्षण, कबड्डीत साखळी धरणारे बचावपटू, फुटबॉलचा गोलरक्षक. तिथे मुलीचा स्वभाव बदलायला जाऊ नका, हाका शिकवा. चार-पाच ठरावीक शब्द निवडा, प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ ठरवा आणि सरावात तीस पावलांवरून ऐकू येईपर्यंत ते म्हणवून घ्या. अबोल मुलेही महिनाभरात हे शिकतात. घरी ती पूर्वीइतकीच गप्प राहिली तर राहू द्या.

मग स्वभावातले नेमके काय उपयोगी पडते?

मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच अंगांनी मोजतात: शिस्तशीर चिकाटी, भावनिक चढ-उतार, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेणे आणि नव्या अनुभवांची ओढ. खेळाशी त्यातल्या पहिल्या दोन अंगांचा संबंध वारंवार दिसतो. अमेरिकेतल्या चार विद्यापीठांच्या महिला फुटबॉलपटूंवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष सामन्यातल्या आकडेवारीशी नाते जुळले ते शिस्तशीर चिकाटीचे.

पण हे नाते लहान आहे. उंची, वेग, लहानपणी मिळालेले मैदान, चांगला प्रशिक्षक आणि दुखापतींपासून वाचणे यांचे वजन त्याहून जास्त भरते. शिवाय शिस्तशीर स्वभाव थेट सामना जिंकून देत नाही. तो पहाटे साडेपाचला मैदानावर आणतो, रबरी पट्टीचा व्यायाम चुकू देत नाही, झोपेची वेळ पाळायला लावतो. दहा वर्षांत याची बेरीज मोठी होते. ज्याच्याकडे ही शिस्त उपजत नाही, त्याला बाहेरून आधार देता येतो: ठरलेली वेळ, जोडीदार, भिंतीवरचा तक्ता, रात्रीच भरून ठेवलेली बॅग.

चिकाटीची दुसरी बाजूही आहे. अतिकाटेकोर खेळाडू विश्रांतीच्या दिवशी अपराधी वाटून घेतो, दुखणे लपवतो आणि एका चुकीवर रात्रभर घुटमळतो. अशा मुलाला ‘अजून मेहनत कर’ असे सांगणे म्हणजे तापलेल्या तव्याखाली जाळ वाढवणे. त्याच्या आठवड्याच्या तक्त्यात विश्रांतीचे तास सरावाइतक्याच ठळकपणे लिहा.

स्वभावचाचणी घेऊन संघ निवडावा का?

नाही. यावर आमचे मत ठाम आहे.

१९६० च्या दशकापासून ‘विजेत्याचा स्वभाव’ शोधण्याचे प्रयत्न झाले. असा एकच साचा हाती लागला नाही. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने नवोदितांची वंडरलिक ही बुद्धिचाचणी अनेक वर्षे घेतली. १२ मिनिटांत ५० प्रश्न. त्या गुणांचा पुढच्या मैदानी कामगिरीशी संबंध अगदी क्षीण निघाला आणि २०२२ पासून लीगने निवड शिबिरात ती घेणे थांबवले.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. निवड अवलंबून असेल तर ‘तुम्ही दडपणात शांत राहता का?’ या प्रश्नाला कोणता खेळाडू ‘नाही’ म्हणेल? निवडीसाठी भरलेली प्रश्नावली खेळाडू कसा आहे यापेक्षा त्याला कसे दिसायचे आहे हेच सांगते. तिसरे म्हणजे वय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा स्वभाव अजून घडतो आहे. त्या वयातल्या गुणांवर शिक्का मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

चाचणीचा खरा उपयोग निवड झाल्यानंतर होतो: या खेळाडूला सूचना चारचौघांत द्यावी की एकट्याला, सामन्याआधी त्याला गप्पा हव्यात की एकांत, दौऱ्यावर खोलीत त्याच्यासोबत कोण ठेवावा. निकाल खेळाडूला दाखवा, त्याच्याशी बोला आणि त्याच्या संमतीशिवाय निवड समितीकडे पाठवू नका.

मुंबई क्रिकेटचा ‘खडूसपणा’, म्हणजे विकेट सहज न देणारा हट्टी खेळ, हा स्वभाव की कौशल्य?

आमच्या मते संस्कार, म्हणजे पिढ्यान्पिढ्या शिकवले गेलेले कौशल्य. २०२४ मध्ये रणजी करंडक ४२ व्यांदा जिंकणाऱ्या मुंबईत इतक्या वर्षांत जन्मतःच हट्टी मुलेच येत राहिली, असे म्हणणे पटण्यासारखे नाही. बदलले नाही ते वातावरण. १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग घ्या. ओली खेळपट्टी, उंच गवत, चेंडू कधी उठेल कधी बसेल याचा नेम नाही. तिथे वीस धावांनाही किंमत असते आणि विकेट फेकणाऱ्याला सीनियर खेळाडू तंबूत सुनावतात. बारा-तेराव्या वर्षापासून हे अंगात मुरले की बाहेरच्याला तो स्वभाव वाटतो.

याचा अर्थ असा की हे इतरत्रही घडवता येते, फक्त परिस्थिती तशी रचावी लागते.

मानसिक कौशल्ये म्हणजे नक्की काय?

लक्ष हवे तिथे नेणे आणि भरकटले की परत आणणे, शरीराची उत्तेजना वाढवणे-उतरवणे, कृती मनात जशीच्या तशी उभी करणे, स्वतःशी कामाचे बोलणे, चुकीनंतर पुढच्या चेंडूवर येणे आणि खेळ वाचणे. स्वभाव हळूहळू बदलतो. ही कौशल्ये काही आठवड्यांत सुधारतात आणि सराव सोडला की गंजतात.

‘खेळ वाचणे’ ही उपजत हुशारी असते का?

ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात येतो. डोळ्याने पाहून हालचाल सुरू करायला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो आणि बॅट फिरवायला आणखी वेळ. म्हणजे टप्पा पडल्यावर विचार करायला उसंत नसते. मग चांगला फलंदाज काय करतो? चेंडू सुटण्याआधीच मनगट, हात आणि खांदा यांवरून अंदाज बांधतो. गोलंदाजाचे चित्रण चेंडू सुटण्याच्या क्षणी कापून दाखवले, तरी अव्वल फलंदाज चेंडूचा प्रकार नवख्यांपेक्षा चांगला ओळखतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फलंदाजांच्या नजरेचा माग काढला गेला. नजर चेंडूसोबत संपूर्ण प्रवास करत नाही. ती आधीच टप्प्याच्या जागी उडी मारते आणि चांगल्या फलंदाजाची उडी लवकर होते.

यात डोळ्यांची ताकद किंवा सर्वसाधारण बुद्धी कमी आणि साठवलेल्या नमुन्यांचा हात जास्त. १९७३ च्या प्रसिद्ध बुद्धिबळ प्रयोगात खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवल्यावर तरबेज खेळाडूंनी ती नवख्यांपेक्षा खूपच चांगली आठवली. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्यावर ती आघाडी जवळजवळ संपली. याला एक पुरवणी जोडायला हवी. स्वीडनमध्ये २०१२ मध्ये फुटबॉलपटूंच्या चाचण्या झाल्या. त्यात पटकन पर्याय शोधणे आणि एका नियमावरून दुसऱ्यावर उडी घेणे यांत वरच्या श्रेणीचे खेळाडू सरस निघाले आणि त्यांच्या गुणांचा पुढच्या मोसमांतले गोल आणि गोलला केलेले साहाय्य यांच्याशी मेळ बसला. म्हणजे डोक्याच्या चपळाईला काही वाटा आहे. पण मोबाइलवरचे ‘मेंदूचे खेळ’ खेळून सामन्यातला खेळ सुधारतो, याचा भक्कम पुरावा नाही. त्या पैशांत चांगला नेट गोलंदाज मिळेल.

सरावासाठी एक सोपा प्रकार: फोनवर गोलंदाजाचे ३० चेंडू फलंदाजाच्या जागेवरून चित्रित करा. प्रत्येक फीत चेंडू हातातून सुटताच थांबवा आणि खेळाडूला एका सेकंदात मोठ्याने सांगायला लावा: पुढे की मागे, आत की बाहेर. मग उरलेली फीत दाखवा. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटे पुरे. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे प्रशिक्षकाने आधीच ‘मनगट बघ’ म्हणून उत्तर देऊन टाकणे. खेळाडूला स्वतः खूण सापडू द्या. ती जास्त टिकते.

सरावात उत्तम आणि सामन्यात हात आखडतो. का?

याची दोन वेगळी कारणे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. गल्लत इथेच होते.

पहिले कारण, लक्ष कामावरून उडते: निकाल, प्रेक्षक, कंत्राट. अथेन्स २००४ ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम) अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीआधी आघाडीवर होता. ती गोळी त्याने शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारली. शून्य गुण मिळाले आणि तो थेट आठव्या स्थानावर गेला. रोज करायची एक साधी खातरजमा, स्वतःच्या लक्ष्याचा क्रमांक पाहणे, नेमकी त्या गोळीला सुटली.

दुसरे कारण उलटे आहे: लक्ष कामावर जास्तच जाते. वर्षानुवर्षे आपोआप होणारी कृती खेळाडू दडपणाखाली तुकड्यातुकड्याने हाताळू लागतो. कोपर कुठे आहे? मनगट वळले का? जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे टाकायचे याचा विचार केला की अडखळायला होते, तसेच. ज्यांना लहानपणी खूप नियम तोंडपाठ करवले गेले, त्यांना हा त्रास जास्त होतो. १९९२ च्या गोल्फवरच्या प्रयोगांतून हा विचार पुढे आला.

ओळखायचे कसे? सामन्यानंतर लगेच विचारा: ‘त्या क्षणी डोक्यात काय होते?’ उत्तर ‘हरलो तर काय, हेच’ असे आले तर पहिले कारण. त्याला कामाचा ठरलेला क्रम द्या. ‘कोपर वर ठेवायचे होते’ असे आले तर दुसरे. त्याला शरीराबाहेरची एकच खूण द्या. बास्केटबॉलपटूने रिंगच्या पुढच्या कडेवर नजर रोवावी, फलंदाजाने गोलंदाजाच्या हातातला चेंडू पाहावा, नेमबाजाने रायफलच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या कड्याभोवतीचा प्रकाश पाहावा. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला सामन्याच्या सकाळी तंत्राची सूचना देणारा प्रशिक्षक स्वतःच्या हाताने त्याचे नुकसान करतो.

कृतीआधीचा ठरलेला क्रम कसा बांधायचा?

हा क्रम म्हणजे ताईत नव्हे. लाल रुमाल, डावा पॅड आधी, या श्रद्धा आहेत. त्या हरवल्या की खेळाडू कोलमडतो. क्रमातली प्रत्येक पायरी काहीतरी काम करत असली पाहिजे.

चार पायऱ्या पुरतात. एक, सोडणे: आधीची गोळी किंवा चेंडू संपल्याची शारीरिक खूण, जसे ग्लोव्ह्जचा पट्टा उघडून लावणे किंवा क्रीजबाहेर दोन पावले जाणे. दोन, ठरवणे: पुढे काय करायचे याचा एकच निर्णय. तीन, श्वास: एक लांब उच्छ्वास, खांदे खाली. चार, नजर: एका बारीक बिंदूवर साधारण एक सेकंद स्थिर नजर आणि लगेच कृती. चौथ्या पायरीनंतर थांबू नये. तिथे दोन-तीन सेकंद रेंगाळले की शंका शिरते. फुटबॉलच्या पेनल्टीत उलटी चूक दिसते. दडपणातले खेळाडू शिट्टी वाजताच घाईने धावतात, एकदाचे संपवून टाकायला.

कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, त्यामुळे क्रम मध्यरेषेच्या आधीच संपवावा लागतो. आपल्या भागातून निघताना समोर किती बचावपटू आहेत ते मोजा. तीन किंवा कमी असतील तर पकड झाल्यास समोरच्यांना जादा गुण जातो, हे लक्षात असू द्या. कोणत्या कोपऱ्यावर दबाव टाकायचा ते ठरवा. मग उच्छ्वास, आणि रेषा ओलांडा. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या ‘करो या मरो’ चढाईतही (गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद) हाच क्रम ठेवा. त्या चढाईसाठी नवे काही करायला गेलेला चढाईपटू घड्याळाकडे बघत राहतो.

क्रम लिहून काढा, फोनवर वीस कृतींचे चित्रण करा आणि घड्याळ लावा. रोजच्या वेळेत एक-दोन सेकंदांहून जास्त फरक पडत असेल तर क्रम अजून बसलेला नाही. पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे धरा. स्पर्धेच्या आठवड्यात नवा क्रम सुरू करू नका.

श्वासाचा व्यायाम खरोखर काम करतो का?

करतो, पण मर्यादित. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. रोज पाच मिनिटे, पोट हलले पाहिजे, खांदे नाहीत. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते आणि हाताचा कंप कमी व्हायला मदत होते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असतो. तिथे हृदयाचा ठोकासुद्धा नळीच्या टोकाशी दिसतो.

तीन गोष्टी बिघडतात. खेळाडू खूप जोरात श्वास घेतो आणि त्याला गरगरते. श्वास मोठा नको, संथ हवा. तो हा व्यायाम फक्त सामन्याच्या दिवशी करतो. आणि धावपटू किंवा चढाईपटू सुरुवातीच्या आधी इतका शांत होतो की पहिली दहा मिनिटे अंगच उठत नाही.

म्हणजे ताण नेहमी कमी करायचा नसतो?

हो, नेहमी नाही. ‘मध्यम ताण सर्वांत चांगला’ हा ठोकताळा १९०८ च्या उंदरांवरच्या प्रयोगांपर्यंत मागे जातो. माणसांचे इतके सरळ नसते. कोणी दहापैकी तीनवर उत्तम खेळतो, कोणी आठवर. स्वतःचा आकडा शोधा: सामन्याच्या दहा मिनिटे आधी उत्तेजना १ ते १० मध्ये लिहा, संपल्यावर कामगिरीला १ ते १० गुण द्या, निकाल बाजूला ठेवून. दहा-बारा सामन्यांत पट्टा दिसू लागतो. आकडा खाली असेल तर तीस सेकंद जागेवर धावणे, टाळ्या, जलद संगीत. वर असेल तर मागच्या उत्तरातला संथ श्वास. पोटात फुलपाखरे फिरली म्हणून घाबरू नये. शरीर कामाला लागल्याची ती खूण असते.

डोळ्यांसमोर चित्र उभे करण्याचा सराव कसा करायचा?

पदक गळ्यात पडतानाचे चित्र रंगवणे म्हणजे हा सराव नव्हे. ते सुखद असते, पण त्यातून कौशल्य सुधारत नाही.

शक्यतो खेळाच्या पोशाखात, हातात बॅट किंवा रायफल घेऊन उभे राहा. स्वतःच्या डोळ्यांतून पाहा, प्रेक्षकासारखे बाहेरून नको. वेग खरा ठेवा: प्रत्यक्षात जे बारा सेकंद घेते ते मनातही बारा सेकंद घेऊ दे, घड्याळाने तपासा. घामाचा वास, मॅटचा स्पर्श, पंचांचा आवाज आणा. पाच ते आठ मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. तीनपैकी एका वेळी मुद्दाम अडचण घाला: पहिल्या गोळीला फक्त ८.९ गुण, बंदुकीचा बिघाड, पहिल्या चेंडूवर चुकता चुकता वाचणे. मग आपण त्यातून कसे सावरतो तेही पाहा.

पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीतून सातवा येऊन अंतिम फेरीत पोहोचला, गुडघ्यावरच्या पहिल्या टप्प्यानंतरही पदकाच्या स्थानात नव्हता, आणि उभ्याने नेम धरण्याच्या अवघड टप्प्यातून वर चढत ४५१.४ गुणांसह कांस्य घेऊन गेला. मागे असताना कसे खेळायचे, हेही तयारीतच बसवावे लागते.

सरावात खरे दडपण आणता येते का?

पूर्ण नाही, पण पुरेसे आणता येते. रमाकांत आचरेकर सर सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो त्याला बाद करेल त्याला ते नाणे. सत्र संपेपर्यंत नाबाद राहिला तर सचिनला. रुपयाची किंमत किती? पण सगळे बघत आहेत, परिणाम लगेच आहे आणि दुसरी संधी नाही. दडपणाचे हेच तीन घटक.

तुमच्या मैदानावर ते असे आणा: सराव संपताना प्रत्येकाला फक्त एक पेनल्टी, एक फ्री थ्रो किंवा एक चढाई द्या, बाकीच्यांनी रांगेत उभे राहून पाहावे, आकडा फळ्यावर लिहावा. आठवड्यातून दोनदा. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका, त्यातून खेळाचाच राग येतो. नेमबाजांनी महिन्यातून एकदा पूर्ण अंतिम फेरी उभी करावी, घोषणा आणि टाळ्यांसकट. बीजिंग २००८ मध्ये अभिनव बिंद्रा शेवटच्या गोळीआधी फिनलंडच्या हेन्री हाक्किनेनशी बरोबरीत होता. बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनने ९.७. भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण त्या एका गोळीच्या फरकात होते.

स्वतःशी काय बोलायचे?

थोडके आणि होकारार्थी. ‘बाहेरचा चेंडू छेडू नको’ म्हटले की मन आधी बाहेरचाच चेंडू पाहते. ‘शरीराजवळ खेळ’ म्हणा. अचूकतेच्या कामाला सूचनेचे शब्द (‘नजर’, ‘हळू’), ताकदीच्या कामाला जोशाचे. ज्या भाषेत विचार येतो त्याच भाषेत बोला. मालवणी असेल तर मालवणीत.

व्यावसायिक झाल्यावर मनावरचे ओझे बदलते का?

खूप बदलते. आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या लिलावात तुमची किंमत सगळ्या गावाला कळते. ज्याला बोली लागत नाही त्याचेही नाव टीव्हीवर झळकून जाते. कंत्राट मोसमापुरते असते आणि त्यावर घर चालते. त्यात रात्री फोन उघडला की अनोळखी माणसांच्या शिव्या.

दोन गोष्टी मदत करतात. सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासून सामन्यानंतरच्या सकाळपर्यंत समाजमाध्यमे बंद; खाते घरच्यांपैकी किंवा व्यवस्थापकापैकी कोणी सांभाळावे. आणि पायाखाली दुसरी जमीन असणे. कुसाळे पदक जिंकला तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वे, पोलीस, शासनाच्या क्रीडा आरक्षणातल्या नोकऱ्या यांना आपल्याकडे कधी कधी ‘तडजोड’ म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. पुढच्या महिन्याचे भाडे ठरलेले असले की शेवटची गोळी हलकी होते.

दुखापत बरी झाली, पण मुलगा पाय टाकायला घाबरतो.

शरीराची मंजुरी आणि मनाची तयारी वेगवेगळ्या तारखांना येतात. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर ही तयारी मोजणारी १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, फिजिओकडे विचारा. घरी भीतीची शिडी करा: दहा हालचाली, सोपीपासून सर्वांत भीतीदायकपर्यंत. एका पायरीवर सलग तीन सत्रे भीती दहापैकी तीनच्या खाली राहिली की वर चढा. ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ या वाक्याने कोणाची भीती गेलेली नाही.

पालकांनी सामन्यानंतर काय बोलावे?

पहिला अर्धा तास खेळाविषयी काहीच नाही. पाणी, जेवण, ‘बघायला मजा आली’. विश्लेषण प्रशिक्षकाचे काम आहे. मुलाने स्वतःहून विषय काढला तर ऐका आणि एकच प्रश्न विचारा: ‘तुला काय वाटले?’ गाडीतले वीस मिनिटांचे परीक्षण सगळ्यांत जास्त मुलांना खेळापासून दूर नेते, अशी आमची खात्री आहे.

हात थरथरू नये म्हणून गोळी घेतली तर?

घेऊ नका. हृदयगती उतरवणारी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजी आणि तिरंदाजीत स्पर्धेच्या आत आणि बाहेरही बंदीत आहेत. लक्ष केंद्रित करण्यासाठीची मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजके स्पर्धाकाळात बंदीत आहेत. आजारासाठी खरोखर गरज असेल तर नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज औषध सुरू करण्याआधी करायचा असतो. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही चाचणीच्या कक्षेतले खेळाडू आहात.

हे मानसिक कणखरपणाचे काम आहे की उपचाराचे, हे कसे ओळखावे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडणे, भूक जाणे, आवडत्या गोष्टीतही मन न लागणे, सतत रडू येणे, छातीत धडधडून श्वास कोंडणे, जगणे नकोसे वाटणे: यांपैकी काही असेल तर तो सरावाचा विषय नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. शासनाची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नका, आजच फोन करा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.

कणखर माणसाला असे होत नाही, हा समज घातक आहे. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि सामन्यानंतर त्याच स्पर्धेदरम्यानच्या आपल्या चिंताग्रस्ततेविषयी उघडपणे सांगितले. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेतल्या गिरक्यांमधले भान हरवल्यामुळे बहुतेक अंतिम फेऱ्यांतून बाहेर पडली. जिम्नॅस्टिक्समध्ये तसे खेळत राहणे म्हणजे मानेवर पडण्याचा धोका. ती थांबली ते योग्यच केले.

वहीत रोज काय लिहायचे?

पाच रकाने पुरे: झोपेचे तास, उत्तेजनेचा आकडा, ठरलेला क्रम किती टक्के कृतींत पाळला, चुकीनंतर परत यायला किती चेंडू किंवा गोळ्या लागल्या आणि एक ओळ मोकळी. निकाल लिहू नका, तो वर्तमानपत्रात येतो. चौथ्या रकान्यातला आकडा पाचवरून दोनवर आला की गुणफलक हलण्याआधीच प्रगती तुम्हाला दिसलेली असेल.